लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्ररेखनाचे शिक्षक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पाण्याचे पंप देशातच तयार करणाऱ्या पहिल्या भारतीय कारखानदारांत त्यांची गणना होते. औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर त्यांनी १९१० साली कारखाना आणि त्यासोबत कामगारांची वसाहत उभारली. ती वसाहत किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांच्या कारखान्यातून पुढे लेथ, विद्युत मोटारी आणि तेलावर चालणारी इंजिने बनविणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या.

लक्ष्मणरावांनी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली नव्हती. चित्रकार होण्यासाठी घर सोडलेला हा तरुण रंग नीट ओळखता न आल्यामुळे यंत्ररेखनाकडे वळला आणि त्यातूनच कारखानदार झाला.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलांनी शिकून प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्या काळच्या अशा घरांतील स्वाभाविक अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि हातांनी वस्तू घडविणे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती.

वडिलांच्या इच्छेविरुद्ध ते १८८५ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी त्यांना पैशांचा आधार दिला. या दोन भावांची साथ पुढे आयुष्यभर टिकली. कलाशाळेत सुमारे दोन वर्षे काढल्यानंतर लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगछटांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकार होण्याचा मार्ग तेथेच बंद झाला.

घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेली वाट अशी संपल्यावर परत फिरणे सोपे होते, परंतु लक्ष्मणराव यंत्ररेखन शिकू लागले. यंत्ररेखनात रंगाला स्थान नसते. तेथे रेषा, माप आणि प्रमाण यांनाच महत्त्व असते. यंत्राचा एखादा भाग वरून, समोरून आणि बाजूने कसा दिसेल हे कागदावर अशा रीतीने मांडावे लागते, की ते चित्र पाहून दुसऱ्या कारागिराला तोच भाग घडविता यावा. लक्ष्मणरावांची नजर आणि हात या कामासाठी योग्य ठरले.

मुंबईतील अध्यापन

यंत्ररेखनातील प्रावीण्यामुळे लक्ष्मणरावांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. त्यांचे वेतन दरमहा ४५ रुपये होते. संस्थेच्या कार्यशाळेत लेथ, वाफेची इंजिने, ओतकामाची साधने अशी यंत्रसामग्री त्यांना जवळून पाहता आली. मोकळ्या वेळात यंत्रे खोलणे, त्यांची रचना समजून घेणे आणि पुन्हा जोडणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. यंत्रविषयक इंग्रजी व अमेरिकन नियतकालिकांच्या वाचनाने त्यांनी आपल्या ज्ञानात भर घातली.

याच काळात दुचाकी सायकल मुंबईत नवी होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा त्या तेथे विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालविण्यास शिकविण्याचे १५ रुपये वेगळे घेतले जात. १८८८ साली सुरू झालेल्या या छोट्या व्यवसायातून ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव पुढे आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थेतील बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाची नेमणूक करण्यात आली. हा अन्याय सहन न झाल्याने त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. पुन्हा कोणाची नोकरी करावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता.

बेळगावातील उद्योग

बेळगावात सायकलींच्या दुकानाला जोडून लक्ष्मणरावांनी छोटी कार्यशाळा सुरू केली. कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन होय. अखंड कडबा जनावरांपुढे टाकला तर त्याचा बराच भाग पायाखाली तुडवून वाया जातो; बारीक तुकडे केल्यास तो सगळा खाल्ला जातो. हा फायदा शेतकऱ्यास डोळ्यांनी दिसत असल्याने या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले.

लोखंडी नांगराचा अनुभव वेगळा होता. परदेशी नांगरांचा अभ्यास करून लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो, तर लोखंडी नांगर ती खोल चिरून माती पालथी करतो. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. तयार माल पडून राहिला, भांडवल अडकले. तरीही लक्ष्मणरावांनी नांगरांचे काम सोडले नाही. प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखविणे आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्यात सुधारणा करणे, हाच मार्ग त्यांनी धरला.

धंदा मार्गी लागत असतानाच बेळगाव नगरपालिकेने नव्या उपनगराच्या आखणीसाठी ठळकवाडी भागातील कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. यंत्रसामग्री, अर्धवट तयार झालेला माल आणि कामगार यांच्यासह जावे कोठे, हा प्रश्न उभा राहिला.

किर्लोस्करवाडीची स्थापना

या अडचणीच्या काळात लक्ष्मणराव औंध येथे सभामंडपाचे बांधकाम करीत होते. त्यानिमित्ताने त्यांचा संबंध औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी आला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि कला, व्यायाम व शिक्षण यांचे मोठे पुरस्कर्ते होते. लक्ष्मणरावांची अडचण समजल्यावर त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले.

ही जमीन निवडुंगाने व्यापलेली होती आणि तेथे सापांचा, विशेषतः नागांचा, सुळसुळाट होता. पाण्याची टंचाई होती. जवळ रेल्वे स्थानक असणे एवढीच तिची जमेची बाजू होती, कारण कच्चे लोखंड आणणे व तयार माल पाठविणे रेल्वेमुळे शक्य होते. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह येथे आले. निवडुंग तोडून जागा साफ करण्यात आली आणि कारखान्याची व घरांची उभारणी झाली.

वसाहतीच्या उभारणीत अनेकांचा वाटा होता. रामूअण्णांनी बांधकाम व व्यवस्था सांभाळली. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रांची जबाबदारी घेतली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब पाहिले, तर अनंतराव फळणीकर यांनी कल्पक रचनाकार म्हणून काम केले. यांपैकी बहुतेकांचे अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. माणसाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याच्या हातातील गुण पाहण्याची लक्ष्मणरावांची पद्धत येथे दिसून येते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती.

पहिले महायुद्ध आणि टंचाई

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून येणारे कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा यांची टंचाई झाली. आयात केलेले नांगर बाजारात येईनासे झाल्याने देशी नांगरांना मागणी वाढली होती, परंतु माल घडविण्यास लोखंडच नव्हते. लक्ष्मणरावांनी आसपासच्या संस्थानांतील निकामी झालेल्या जुन्या तोफा विकत घेऊन वितळविल्या आणि त्या लोखंडाचे नांगर ओतले. भट्टीसाठी लाकडी कोळशाचा वापर करण्यात आला. कारखाना बंद पडला नाही.

युद्धानंतर १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि यंत्रशक्तीवर चालणारे पंप अशी उत्पादने वाढत गेली. १९३०च्या सुमारास जगभर मंदी आली तेव्हा शेतकऱ्याची खरेदीशक्ती घटली. त्या काळात कारखान्याने लोखंडी फर्निचर बनवून कामगारांना काम पुरविले.

यंत्रकामातील अचूकता

नांगर आणि इंजिन ही दोन्ही लोखंडाची उत्पादने असली, तरी त्यांच्या घडणीत मोठा फरक आहे. नांगराचा एखादा भाग अर्धा मिलिमीटर जाड किंवा पातळ झाला तरी नांगर चालतो. पंपाच्या दांड्यात व धारव्यात तेवढा फरक पडला, तर पंप गळतो किंवा जाम होतो. इंजिनात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही हिशेब ठेवावा लागतो. म्हणून नांगराकडून पंपाकडे, पंपाकडून लेथकडे व इंजिनाकडे झालेला किर्लोस्करांचा प्रवास हा मापनातील अचूकता वाढत जाण्याचाही प्रवास होता.

महाराष्ट्रातील सुतार-लोहारांची पारंपरिक मोजणी इंचात व सुतात चाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर. कारखान्यातील टर्नर व फिटर यांना मात्र इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटरमध्ये विचार करावा लागे. सुतात मोजणाऱ्या हातांना हजाराव्या भागाची सवय लावणे, हे खेड्यात यंत्रकारखाना काढणाऱ्या कोणापुढेही असलेले मोठे आव्हान होते. यंत्ररेखनाचे शिक्षण येथे उपयोगी पडते, कारण रेखाटनावर माप लिहिताना ते किती कमीजास्त झालेले चालेल हेही ठरवावे लागते.

जागतिक इतिहासातही तोफा, इंजिन आणि अचूक मापन यांचे नाते जवळचे आहे. इंग्लंडमधील जॉन विल्किन्सन यांनी १७७४ साली तोफांची नळी आतून कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांच्या कारखान्यात कोरलेल्या सिलिंडरमुळेच जेम्स वॉट यांचे वाफेचे इंजिन यशस्वी झाले, कारण त्यापूर्वीच्या वेड्यावाकड्या सिलिंडरांतून वाफ निसटून जात असे. पुढे स्वीडनमधील कार्ल एडवर्ड योहान्सन (१८६४–१९४३) यांनी पोलादी स्लिप गेजांचा संच तयार केला. या गुळगुळीत पट्ट्या एकमेकींना चिकटवून हवे ते माप उभे करता येते. निरनिराळ्या कारखान्यांतील मापे एकाच मूळ मापाशी ताडून पाहणे त्यामुळे शक्य झाले.

इंजिन उत्पादन

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. ते परतल्यावर कारखान्यात पंप, इंजिने व यंत्रहत्यारे यांच्या कामाला वेग आला. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी सुरू झाली. १९४६ साली बंगळूर येथे विद्युत मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याजवळ खडकी येथे डिझेल इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपन्या स्थापन झाल्या.

एका सिलिंडरची छोटी डिझेल इंजिने हे या समूहाचे ग्रामीण भागात सर्वांत परिचित उत्पादन ठरले. त्यांपैकी ‘एव्ही-१’ या इंजिनाच्या सिलिंडरचा अंतर्व्यास ८० मिमी व पिस्टनचा पल्ला ११० मिमी असून घनफळ सुमारे ५५३ घन सेंमी भरते. ‘टीव्ही-१’ या इंजिनात अंतर्व्यास ८७.५ मिमी, पल्ला ११० मिमी आणि घनफळ सुमारे ६६१ घन सेंमी आहे. भारतातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी याच इंजिनांवर चाचण्या घेतात.

सिलिंडरच्या अंतर्व्यासाचे मापन

अशा इंजिनाची दुरुस्ती करताना पहिला प्रश्न सिलिंडर किती झिजला आहे, हा असतो. सिलिंडरच्या अंतर्व्यासाला कारागीर ‘बोअर’ म्हणतात. बोअर झिजला की रिंगांच्या बाजूने वायू खाली निसटतो, दाब कमी पडतो, इंजिन उशिरा सुरू होते, तेल जळते आणि निळसर धूर येतो. केवळ रिंगा बदलून काम भागेल, की सिलिंडर कोरून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागेल, हे मोजल्याशिवाय ठरविता येत नाही. अंदाजाने घेतलेला निर्णय चुकला तर नव्या रिंगांचा खर्च वाया जातो आणि ऐन हंगामात पंप बंद पडतो.

झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन वरच्या टोकाला असताना वरची रिंग जेथे असते, तेथे दाब व उष्णता सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी असते. म्हणून तेथे झीज जास्त होते. खाली जाताना ती कमी होते. यामुळे बोअर वर रुंद व खाली अरुंद असा निमुळता होतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा असल्याने पिस्टन सिलिंडरच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर अधिक दाबला जातो. तेथील झिजेमुळे बोअर लंबगोल होतो. अगदी वरच्या कडेला रिंग पोहोचत नाही, त्यामुळे तेथील काही मिलिमीटरचा पट्टा जवळजवळ मूळ मापाचाच राहतो.

उपकरणांची निवड

* व्हर्नियर कॅलिपर : याचे आतील जबडे सपाट व आखूड असतात. ते गोल भिंतीवर नीट टेकत नाहीत आणि बोअरच्या तोंडापलीकडे पोहोचत नाहीत. तोंडाशी झीजच नसल्यामुळे झिजलेला सिलिंडरही व्हर्नियरवर चांगला दिसू शकतो. मूळ माप ओळखण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

* टेलिस्कोपिक गेज : इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे हे साधन स्प्रिंगच्या जोराने बोअरमध्ये फाकते. ते तेथे आवळून बाहेर काढतात आणि बाहेरील मायक्रोमीटरने मोजतात. किंमत कमी असते, परंतु हाताचा सराव लागतो. एकच माप पाचसहा वेळा घेऊन ते ०.०१ ते ०.०२ मिमीच्या आत जुळत नसेल, तर त्या मापावर विसंबू नये. घरी एखादेच इंजिन खोलणाऱ्यास हे साधन पुरेसे होते.

* आतील मायक्रोमीटर : यास निरनिराळ्या लांबीचे दांडे जोडता येतात. मोठ्या बोअरसाठी उपयुक्त. लहान व खोल बोअरमध्ये हात घालून वाचणे अवघड जाते.

* बोअर डायल गेज : लांब दांड्याच्या टोकाला एक स्थिर व एक सरकणारा स्पर्शबिंदू आणि वर डायल अशी याची रचना असते. साधारणतः ०.०१ मिमीपर्यंत वाचता येणारे गेज इंजिनकामास पुरते. एकाच बोअरची अनेक ठिकाणची मापे झटपट घेता येतात, हा याचा मोठा गुण. मात्र हे साधन स्वतः माप सांगत नाही. ठरविलेल्या मापापेक्षा किती फरक आहे, एवढेच सांगते. म्हणून त्याच्याबरोबर चांगला बाहेरील मायक्रोमीटर किंवा सेटिंग रिंग असणे आवश्यक आहे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी मायक्रोमीटरवर खर्च करावेत, कारण त्याची चूक पुढच्या प्रत्येक मापात उतरते.

मापनाची रीत

८७.५ मिमी बोअरसाठी ७५ ते १०० मिमी पल्ल्याचा मायक्रोमीटर लागतो. सोबत मिळणाऱ्या ७५ मिमीच्या प्रमाण दांड्यावर त्याचे शून्य प्रथम तपासतात. मग तो ८७.५० मिमीवर आवळून त्याच्या जबड्यांत बोअर गेज धरतात आणि हलकेच डोलवितात. काटा एका दिशेने जाऊन जेथून परत फिरतो, तेथे डायल फिरवून शून्य आणतात. बोअरमध्येही गेज दांड्याच्या रेषेत पुढेमागे डोलवून काटा परत फिरण्याचा बिंदूच वाचतात. कारण गेज तिरपे असताना माप नेहमी खऱ्यापेक्षा मोठे येते. बहुतेक गेजांत काटा शून्याच्या पुढे घड्याळाच्या दिशेने गेला, तर बोअर ठरविलेल्या मापापेक्षा लहान असतो. नवख्याने ही दिशा बोटाने बिंदू दाबून आधीच पाहून ठेवावी.

वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर, क्रँकशाफ्टच्या रेषेत आणि तिला काटकोनात, अशी एकूण सहा मापे घेतात. उदाहरणादाखल, ८७.५० मिमी मूळ माप असलेल्या बोअरची काटकोनातील मापे वर ८७.६२, मध्ये ८७.५६ व खाली ८७.५३ मिमी आली आणि क्रँकशाफ्टच्या रेषेतील मापे अनुक्रमे ८७.५८, ८७.५५ व ८७.५२ मिमी आली, असे समजू. वरच्या पातळीवरील लंबगोलपणा ०.०४ मिमी, काटकोनातील निमुळतेपणा ०.०९ मिमी आणि सर्वाधिक झीज ०.१२ मिमी ठरते. हे आकडे उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून निर्णय घेतात. मर्यादा ओलांडली असेल तर लाइनर बदलतात किंवा बोअर पुढच्या मापापर्यंत कोरतात. ०.२५ मिमी मोठा पिस्टन बसवावयाचा असेल, तर वरील बोअर ८७.७५ मिमीच्या आसपास न्यावा लागतो. नेमके माप त्या पिस्टनला लागणाऱ्या मोकळ्या जागेवरून ठरते.

स्वच्छता व तापमान यांकडे दुर्लक्ष केल्यास उत्तम साधनही चुकीचे माप देते. लोखंडाचा ८७.५ मिमीचा व्यास तापमान १० अंश सेल्सियसने वाढल्यास सुमारे ०.०१ मिमीने वाढतो. म्हणून उन्हात ठेवलेला सिलिंडर सावलीतील मायक्रोमीटरशी ताडू नये. दोन्ही वस्तू काही तास एकाच जागी ठेवाव्यात. औद्योगिक मापनासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे प्रमाण तापमान मानले जाते. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात साधने वापरानंतर पुसून, तेलाचा हलका हात देऊन आणि जबडे पूर्ण न मिटता ठेवावीत. अन्यथा मोजण्याच्या पृष्ठभागांवर गंज चढतो.

नियतकालिके आणि समाजप्रबोधन

कारखान्याच्या मालाची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी त्याचे संपादन केले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले आणि त्याला ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) या मासिकांची जोड मिळाली. उद्योग, विज्ञान, स्त्रीशिक्षण आणि सामाजिक सुधारणा हे विषय या मासिकांनी मराठी मध्यमवर्गात रुजविले. विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे अनेक निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच प्रसिद्ध झाले.

कौटुंबिक जीवन आणि अखेरचा काळ

लक्ष्मणरावांच्या पत्नीचे नाव राधाबाई होते. शंतनुराव, राजाराम, प्रभाकर आणि रवींद्र या पुत्रांनी उद्योगाच्या निरनिराळ्या शाखा सांभाळल्या. उतारवयात लक्ष्मणरावांनी कारभार पुढील पिढीकडे सोपविला.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभारलेल्या कारखान्याची मोठी हानी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी लक्ष्मणरावांना पाहावी लागली. कारखाना त्यानंतर पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात वजने व मापे यांचा मेट्रिक प्रमाणांवर आधारित कायदा संमत झाला आणि देशातील कारखाने हळूहळू इंच-सुताकडून मिलिमीटरकडे वळले.

वारसा

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. पुण्यातील मॉडेल कॉलनीत ‘लकाकि’ हे नाव त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून रूढ आहे. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत आजही पंपांचे उत्पादन होते आणि तेथील रेल्वे स्थानकही याच नावाने ओळखले जाते.

परदेशी यंत्र विकत आणणे सोपे असताना ते येथे, येथल्याच माणसांच्या हातून घडविता येईल, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. लोखंडाला बिचकणारा शेतकरी आणि सुतात मोजणारा लोहार यांच्यातूनच त्यांनी आपले गिऱ्हाईक व आपले कारागीर तयार केले. खेडोपाडी नांगर, पंप आणि इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या पिढ्या या परंपरेतच घडल्या.